न हललेल्या वस्तूला विचारलेला प्रश्न



बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, बंगळूर, दिल्ली, जिथून कुठून आपण हे ऐकत असाल, आणि पुढे ई-पुस्तकात वाचणार असाल, त्या सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय यंत्रशास्त्रातला आहे. इंग्रजीत त्याला 'व्हर्च्युअल वर्क' म्हणतात, मराठीत आभासी कार्य. इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या वर्षांत हा धडा असतो. परीक्षेत त्यावर एखादा प्रश्न येतो, मुलं तो सोडवतात, आणि परीक्षा संपली की धडाही विसरतात. कारण सूत्र लक्षात राहतं, पण त्यामागचा विचार हाती लागलेला नसतो.

मला आज सूत्र पाठ करून घ्यायचं नाही. एक पहार, एक तराजू, एक जॅक, रोममधला एक घुमट आणि आपल्याकडचे दगडी पूल, एवढ्या गोष्टी घेऊन मी बोलणार आहे. ज्यांचा गणिताशी संबंध दहावीला सुटला त्यांनाही हे समजेल. गुणाकार आणि बेरीज यापलीकडे काही लागणार नाही.

आधी नावाचं बघू. 'आभासी' म्हटलं की आज आपल्याला आभासी वर्ग, आभासी बैठक असं काहीतरी आठवतं. म्हणजे पडद्यावरचं, खरं नसलेलं. इथे तो अर्थ नाही. मूळ लॅटिन शब्दात सामर्थ्याची छटा आहे. जे घडलेलं नाही, पण घडू शकलं असतं, असं. म्हणून काही जण याला 'कल्पित कार्य' म्हणतात आणि मला तो शब्द जास्त जवळचा वाटतो. पण आभासी रूढ झालाय, तर तोच वापरू.

आता कार्य म्हणजे काय? बळ लावलं आणि त्या बळाच्या दिशेने वस्तू सरकली, तर बळ गुणिले अंतर म्हणजे कार्य. वस्तू सरकलीच नाही तर कार्य शून्य. तुम्ही भिंतीला तासभर ढकललंत, घामाघूम झालात, तरी यंत्रशास्त्राच्या हिशेबात भिंतीवर झालेलं कार्य शून्य.

मग प्रश्न असा, की पूल, इमारत, घुमट या तर न हलणाऱ्या गोष्टी. त्यांनी हलू नये हीच आपली अपेक्षा. तिथे कार्याचा हिशेब मांडून करायचं काय? उत्तर असं आहे, की ती हलत नाही हे मान्य करून आपण तिला विचारायचं, 'तू जर अगदी थोडीशी हललीस, तर काय होईल?' खरं हलवायचं नाही, फक्त विचारायचं.

पहारेपासून सुरुवात करू. शेतात एक दगड आहे. पहारेचं टोक त्याच्याखाली घातलंय आणि त्या टोकावर २०० किलोचा भार येतोय. टोकापासून १० सेंटीमीटरवर टेकू ठेवलाय. टेकूच्या दुसऱ्या बाजूला १ मीटरवर तुम्ही हाताने दाबताय. दगड तोलून धरायला किती जोर लागेल?

कल्पना करा की हात १० मिलिमीटर खाली गेला. मग दगडाकडचं टोक किती वर जाईल? अंतरं दहास एक आहेत, म्हणजे १ मिलिमीटर. दगडाचं कार्य २०० गुणिले १, तेही उणे, कारण भार खाली आणि हालचाल वर. हाताचं कार्य म्हणजे जोर गुणिले १०. दोन्हींची बेरीज शून्य व्हायची तर जोर २० किलो. झालं उत्तर.

यात एक गोष्ट नीट पाहा. टेकूवरही मोठा दाब आहे, पण आपण त्याचं नावसुद्धा काढलं नाही. कारण आपण कल्पिलेल्या हालचालीत टेकू जागचा हलला नाही, आणि जो हलला नाही त्याचं कार्य शून्य. जे बळ आपल्याला माहीत नाही आणि नकोही आहे, ते हिशेबातून आपोआप गळून पडतं. या पद्धतीची सगळी सोय इथे आहे.

बरं, टेकूवरचा दाबच हवा असेल तर? मग वेगळी हालचाल कल्पायची. समजा टेकूखालची माती खचली आणि अख्खी पहार सरळ १ मिलिमीटर खाली गेली. दगडाचे २०० किलो १ मिलिमीटर खाली, हाताचे २० किलो १ मिलिमीटर खाली, आणि टेकू खालून वर रेटतोय. म्हणजे टेकूवर २२० किलो. वस्तू तीच, भार तेच, प्रश्न बदलला आणि दुसरं उत्तर मिळालं.

आता नियम सांगतो. हालचाल फक्त मनातली. ती अगदी सूक्ष्म, कारण मोठी हालचाल झाली तर वस्तूची रचनाच बदलते. ती त्या वस्तूच्या जोडणीला परवडणारी हवी. बिजागरीवरचं दार फिरेल, भिंतीतून आरपार जाणार नाही. आणि कल्पना करत असताना बळं आहेत तशीच धरायची. एवढं सांभाळलं, तर सिद्धांत असा आहे: वस्तू समतोलात असेल, तर प्रत्येक शक्य हालचालीसाठी सगळ्या बळांच्या कार्याची बेरीज शून्य येते. उलटही खरं. प्रत्येक शक्य हालचालीसाठी बेरीज शून्य असेल, तर वस्तू समतोलात आहे.

या वाक्यातला 'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा. पुढचं सगळं बोलणं त्याच शब्दाभोवती आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. किराणा दुकानात काउंटरवर ठेवलेला जुना तराजू आठवा. साखळ्यांनी टांगलेल्या पारड्यांचा नव्हे, तर ज्याची दोन पारडी वरच्या बाजूला असतात आणि सांधे खाली लपलेले असतात, तो. फ्रेंच गणिती रोबेर्वाल याने ही रचना १६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. यात एक गंमत आहे. शाळेत आपण शिकलो की तरफेवर वजन टेकूपासून जितकं लांब, तितका त्याचा जोर जास्त. मग गिऱ्हाइकाला वाटेल, वाण्याने वजन पारड्याच्या बाहेरच्या काठावर सरकवलं तर आपण फसलो की! पण या तराजूत तसं होत नाही. वजन पारड्याच्या मध्यावर ठेवा, आतल्या काठावर ठेवा, बाहेरच्या काठावर ठेवा, काटा तोच राहतो.

बळं आणि सांध्यांमधले दाब यांचा हिशेब मांडायला गेलात तर बराच वेळ जाईल. आभासी कार्याने दोन वाक्यांत सुटतं. खालच्या दोन दांड्या समांतर आणि सारख्या लांबीच्या असल्यामुळे पारडं वर-खाली होताना कलत नाही, सपाटच राहतं. सपाट पारडं १ मिलिमीटर खाली गेलं, तर त्यावरची वस्तू कुठेही असो, ती १ मिलिमीटरच खाली जाणार. कार्य तेवढंच, म्हणून तोलही तोच.

आणि तराजूचे सांधे झिजले असतील तर? मग पारडं खाली जाताना किंचित कलतं. कललं की बाहेरच्या काठावरची वस्तू आतल्या काठावरच्या वस्तूपेक्षा वेगळं अंतर चालते, आणि तराजू जागेप्रमाणे वेगळं वजन दाखवू लागतो. म्हणजे तराजूचा खरेपणा कशात आहे? तो कसा हलू शकतो, यात आहे. वजन तपासायचं तर एकच वस्तू पारड्यावर चार ठिकाणी सरकवून पाहा. नकळत तुम्ही आभासी कार्याचीच परीक्षा घेताय.

तिसरं उदाहरण जॅकचं. गाडीचं चाक बदलायला स्क्रूचा जॅक लावलाय. समजा हँडल ३० सेंटीमीटर लांब आहे आणि एका फेऱ्यात स्क्रू ६ मिलिमीटर वर चढतो. वर ५०० किलोचा भार. एका फेऱ्यात हाताने कापलेलं अंतर जवळजवळ १८८५ मिलिमीटर. घर्षण नाहीच असं धरलं तर ५०० गुणिले ६ भागिले १८८५, म्हणजे दीड किलोपेक्षा थोडा जास्त जोर. प्रत्यक्षात तेवढ्यात भागत नाही. आट्यांमधलं घर्षण बराच वाटा खातं. कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर सव्वासहा-साडेसहा किलो जोर लावावा लागेल.

आता कोणी म्हणेल, २५ टक्के कार्यक्षमता म्हणजे वाईट यंत्र. तर त्या जॅकला उलटा प्रश्न विचारू. तुम्ही हँडल सोडलंत. जॅक आपोआप खाली का येत नाही? कल्पना करा की तो थोडासा खाली आला. भार खाली येतोय, म्हणजे भार काही कार्य देणार. त्याच वेळी आट्यांमधलं घर्षण तेवढ्या हालचालीत काही कार्य खाणार. घर्षण खाणारं कार्य भाराने दिलेल्या कार्यापेक्षा जास्त असेल, तर जॅक हलणारच नाही. आता वर चढवतानाचा हिशेब आठवा. तेव्हा तुम्ही जे कार्य दिलंत, त्यातला एक वाटा भार उचलण्यात गेला आणि एक घर्षणात. दोन्ही दिशांना घर्षण साधारण सारखं. जॅक आपोआप खाली यायला नको असेल तर घर्षणाचा वाटा भाराच्या वाट्यापेक्षा मोठा हवा, म्हणजेच कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खाली हवी. जो जॅक आपलं ओझं स्वतःच धरून ठेवतो, त्याची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असणं भाग आहे. ज्याला आपण तोटा म्हणत होतो, तोच तुमचा जीव सांभाळतोय.

पण इथे थांबा. या हिशेबाने काय सिद्ध झालं? स्क्रू उलटा फिरणार नाही, एवढंच. आपण एका हालचालीबद्दल विचारलं आणि त्या हालचालीचं उत्तर मिळालं. जॅक मऊ मातीत एका बाजूला कलून आडवा होऊ शकतो, ही दुसरी हालचाल. गाडी उतारावर पुढे सरकून जॅकवरून निसटू शकते, ही तिसरी. त्यांच्याबद्दल आपण विचारलंच नाही. म्हणून तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, स्टँड किंवा भक्कम ठोकळे लावावेत, असं सांगतात. स्क्रू पक्का आहे म्हणून गाडी पक्की आहे असं होत नाही.

आता थोडा इतिहास. 'बळात जितकं मिळवाल, तितकं अंतरात गमवाल' ही समज फार जुनी आहे. कप्पी, तरफ, उतार यांच्याबद्दल स्टेव्हिन आणि गॅलिलिओ यांनी या अंगाने विचार केला होता. पण सगळ्या यंत्रांना एकच नियम लागू होतो, असं सर्वसाधारण रूप योहान बर्नुली याने दिलं. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने पिएर वारिन्यों या फ्रेंच गणित्याला पत्र लिहिलं आणि त्यात हा नियम सांगितला. वारिन्योंच्या मृत्यूनंतर १७२५ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या ग्रंथातून तो जगापुढे आला. पुढे १७८८ मध्ये लाग्रांजने आपला मोठा ग्रंथ याच पायावर उभा केला, आणि प्रस्तावनेत अभिमानाने सांगितलं की या पुस्तकात एकही आकृती सापडणार नाही. यंत्रशास्त्राचं पुस्तक आणि आकृती नाही! बाणांची चित्रं काढून बळांची बेरीज करण्याची गरज त्याला उरली नव्हती.

पण कागदावरचा हा नियम खऱ्या वास्तूवर लावून पाहण्याचं धाडस लाग्रांजच्या आधीच झालं होतं. ती गोष्ट रोमची आहे.

रोमच्या सेंट पीटर चर्चचा घुमट मायकलअँजेलोने आखला आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५९० मध्ये, जाकोमो देल्ला पोर्ताने पुरा केला. आतला व्यास सुमारे ४२ मीटर. घुमटाचं वजन खाली तर जातंच, पण ते पायथा बाहेरही ढकलतं. पत्त्यांची दोन पानं एकमेकांना टेकवून उभी करा, त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात, तसं. ते धरून ठेवायला बांधकामात लोखंडी कडी घातली होती. तरी घुमटाला उभ्या भेगा गेल्या. १७४० च्या सुमारास त्या इतक्या वाढल्या की पोप चौदावा बेनेडिक्ट काळजीत पडला. त्याने तीन गणित्यांना बोलावलं. ल स्यर आणि जाकिए हे दोघे फ्रेंच धर्मगुरू. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'वर त्यांनी टिपा लिहिल्या होत्या. तिसरा डुब्रोवनिकचा बॉस्कोविच.

त्यांनी आधी भेगा मोजल्या. भेगा कुठून कुठे जातात, किती रुंद आहेत, यावरून त्यांनी ओळखलं की घुमट हलला तर कसा हलेल. नागपुरी संत्रं सोलून फोडी किंचित सुट्या केल्यात तर कसं दिसेल? घुमट तसा उभ्या फोडींमध्ये विभागला जातोय, वरचा दिवा खाली बसतोय, आणि खालचा गोल भिंतींचा भाग बाहेर कलतोय. मग त्यांनी आभासी कार्याचा हिशेब मांडला. घुमट इतका सरकला, तर खाली येणारी वजनं किती कार्य देतील? आणि कलणाऱ्या भिंती, आधाराचे खांब, ताणली जाणारी लोखंडी कडी यांना किती कार्य खावं लागेल? १७४२ च्या शेवटी त्यांनी अहवाल दिला. प्रतिकार अपुरा पडतोय, असं त्यांचं म्हणणं होतं. तूट होती तीस लाख रोमन पौंडांहून जास्त, म्हणजे आजच्या मापाने हजार टनांहून अधिक. आणखी कडी घाला, असा सल्ला त्यांनी दिला.

यावर गदारोळ झाला. घुमट गणिताशिवाय उभा राहिला, मग दुरुस्तीला गणित कशाला, असा एक आक्षेप. दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. एवढी मोठी तूट असती, तर घुमट दीडशे वर्षं उभा राहिला कसा?

हा दुसरा आक्षेप नीट ऐकण्यासारखा आहे. तर्क असा, की एक जरी हालचाल अशी सापडली जिच्यात भारांचं कार्य प्रतिकारापेक्षा जास्त आहे, तर ती वास्तू पडलीच पाहिजे. घुमट पडला नव्हता. म्हणजे नियम चुकला असं नाही. नियमात जी हालचाल आणि जो प्रतिकार त्यांनी घातला होता, त्यात काहीतरी त्या घुमटाशी जुळत नव्हतं.

मग पोपने पादुआहून जोव्हान्नी पोलेनी या प्राध्यापकाला बोलावलं. त्याने वेगळा रस्ता धरला. घुमटाच्या ५० उभ्या फोडी कल्पून त्याने प्रत्येक भागाचं वजन काढलं, त्या प्रमाणात कमी-जास्त वजनं एका दोऱ्यात ओवली आणि ती माळ दोन टोकांना धरून लोंबकळत सोडली. लोंबकळणारी माळ फक्त ताण सोसते. ती जशीच्या तशी उलटी केली तर तीच रेषा फक्त दाब सोसते. ही रेषा घुमटाच्या जाडीच्या आत बसते का, हे त्याने पाहिलं. ती बसली. भार जमिनीपर्यंत नेणारी एक सुरक्षित वाट दगडाच्या आतून जाते आहे, एवढं त्यातून कळलं. तरीही त्याने कडी घालायचा सल्ला दिलाच. १७४३-४४ मध्ये वास्तुकार व्हानव्हितेल्ली याच्या देखरेखीखाली पाच नवी लोखंडी कडी बसवली गेली, आणि १७४८ मध्ये आणखी एक. घुमट आजही उभा आहे.

या दोन पद्धतींमधला फरक विसाव्या शतकात, न तुटता कायमचं वाकणाऱ्या पोलादाचा अभ्यास करताना, पूर्णपणे उलगडला, आणि १९६६ मध्ये जॅक हेमन यांनी तो दगडी बांधकामालाही लागू करून दाखवला. साध्या शब्दांत तो असा. वास्तू पडेल हे दाखवायला एक हालचाल पुरते. वास्तू उभी राहील हे हालचालींच्या मार्गाने दाखवायचं असेल, तर एक पुरत नाही, सगळ्या तपासाव्या लागतात. नाहीतर पोलेनीसारखी भार वाहून नेणारी एक वाट दाखवावी लागते.

हा फरक इंजिनिअरसाठी जीवन-मरणाचा आहे. एक छोटं उदाहरण देतो. पोलादी तुळई आहे, एक टोक भिंतीत घट्ट, दुसरं टोक नुसतं टेकलेलं, आणि वरून सारखा पसरलेला भार. ती कोसळेल तेव्हा भिंतीपाशी आणि मधे कुठेतरी वाकेल. 'मधे' म्हणजे अगदी मध्यावर असं धरून हिशेब केला, तर कोसळवणाऱ्या भाराचा गुणक १२ येतो. पण ती खरी वाकते मध्याच्या थोडं टेकलेल्या टोकाकडे, आणि तिथला खरा गुणक आहे ११.६६. फरक ३ टक्के. इथे थोडक्यात निभावलं. पण फरकाची दिशा बघा. चुकीची हालचाल धरली की तुळई आहे त्यापेक्षा बळकट वाटते. नेहमीच. तुम्ही न विचारलेली हालचाल कधीही तुमच्या बाजूने चूक करत नाही.

आता आपल्या दगडी पुलांकडे येऊ. भारतीय रेल्वेच्या मार्गांवर दगड-विटांच्या कमानींचे पूल आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. कमान कशी पडते? तिच्यात आळीपाळीने वर-खाली चार ठिकाणी बिजागऱ्या तयार झाल्या, की ती सांगाड्यासारखी हलू शकते. भार बरोबर मध्यावर असण्यापेक्षा कमानीच्या पाव भागावर असताना धोका सहसा जास्त. तेव्हा भाराखालची बाजू खाली जाते आणि समोरची बाजू वर उचलली जाते. आता कार्याचा हिशेब करा. वर उचलल्या जाणाऱ्या बाजूवर माती आणि मुरुमाचा भराव आहे. तो उचलायचा म्हणजे कार्य लागणार. म्हणून कमानीवरचा भराव म्हणजे फुकटचं ओझं नाही, तो कमानीला धरून ठेवतो. दुरुस्तीच्या वेळी एकाच बाजूचा भराव उकरून काढला तर ही राखण जाते. जुन्या कमानीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं.

पण हा झाला वरून येणाऱ्या भाराचा प्रश्न. नदीतल्या पुलाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पुराच्या पाण्याने खांबाच्या पायाखालची जमीन धुपली आणि खांबच खचला, तर? वरची कमान कितीही पक्की ठरली, तरी या प्रश्नाचं उत्तर तिच्या हिशेबात नसतं. तो वेगळा विचारावा लागतो, पाण्याखाली उतरून पायाची पाहणी करावी लागते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसह नदीत गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांचा निवाडा करण्याची ही जागा नाही. मी तिची आठवण काढतो ती एवढ्यासाठी, की आपण विद्यार्थ्यांना 'सूक्ष्म कल्पित हालचाल' असं शिकवतो तेव्हा ती फळ्यावरची एक तिरपी रेघ वाटते. खऱ्या पुलावर त्या रेघेच्या जागी माणसं असतात. हालचाल खरी होण्याआधी ती मनात घडवून पाहणं, हे आपलं काम आहे.

कोणी म्हणेल, आता संगणक आहेत, हे सगळं तो करतो. बरोबर. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या सांगाड्यांसाठी एक पद्धत मांडली, १९६० मध्ये क्लफने तिला 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं, आणि आज पुलापासून प्रेशर कुकरपर्यंत सगळ्याचा आराखडा तिच्यावर तपासता येतो. वस्तूचे हजारो छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला ठरावीक प्रकारे हलण्याची मुभा द्यायची. मग सगळ्यांच्या आभासी कार्याचा ताळा जमवायचा. पडद्यावर दिसणाऱ्या त्या रंगीत चित्रांच्या पोटात बर्नुलीचं पत्रच आहे. पण संगणक त्या तुकड्यांना तेवढ्याच हालचाली करू देतो, जेवढ्या तुम्ही दिल्या आहेत. पाया अढळ आहे असं तुम्ही त्याला सांगितलंत, तर तो हजारो समीकरणं अचूक सोडवेल आणि पाया अढळ धरूनच सोडवेल. पाया खचला तर काय, हे तो तुम्हाला स्वतःहून विचारणार नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गणित सोडवायला बसाल तेव्हा सूत्राआधी एक ओळ मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये, गुजरातीत, ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत लिहा: 'ही वस्तू कशी कशी हलू शकते?' आणि मग यादी करा. पहिल्या दोन हालचाली सगळ्यांनाच सुचतात. तिसरी, चौथी सुचायला वेळ लागतो. त्या सुचण्यासाठी जागेवर जावं लागतं, माती हातात घ्यावी लागते. त्या तीन गणित्यांनीही आकडेमोडीआधी भेगाच मोजल्या होत्या. पूल रोज वापरणाऱ्यांना आणि त्याची डागडुजी करणाऱ्या मिस्त्रीला विचारा, हा कुठे हादरतो, भेग कधी पडली, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं. पाठ्यपुस्तकात नसलेली हालचाल बरेचदा त्यांना माहीत असते.

आणि जे इंजिनिअर नाहीत, त्यांनाही हा हक्क आहे. तुमच्या गावच्या पुलाची, शाळेच्या इमारतीची, पाण्याच्या टाकीची तपासणी झाली, सगळं ठीक आहे, असं सांगितलं गेलं, तर नम्रपणे एक प्रश्न विचारा. काय काय होऊ शकतं असं धरून तपासलंत? वरून येणारा भार तपासला, की पायाही? भूकंप धरला का, पूर धरला का? हे विचारायला पदवी लागत नाही. उत्तर देणाऱ्याकडे यादी असेल, तर तो आनंदाने दाखवेल. नसेल, तर तुमच्या प्रश्नामुळे ती तयार व्हायला सुरुवात होईल.

पुढच्या भाषणात घर्षणावर बोलू. तोपर्यंत घरातला जुना तराजू सापडला, तर त्याच्या पारड्यावर एक वजन चार ठिकाणी सरकवून बघा, आणि काय दिसलं ते जरूर कळवा.